आसंदीस उद्देशून

जबलपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. आणि निवृत्तीनंतरही युवा संसदेच्या स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांना तयार करणे व आमच्या मराठी वस्तीतील ज्येष्ठ मंडळींच्या साप्ताहिक बैठकीत राज्यघटनेविषयी बोलणे, ही दोन कामे मी आपखुशीने पत्करली. या कामांतून जे एक मत हळूहळू घडत गेले आणि आता दृढ झाले आहे, ते प्रारंभीच सांगून टाकतो. कायदे जेथे घडतात ते सभागृह नागरिकाला दुरून, वरच्या दीर्घेतून, तासाभराच्या परवान्यावर दाखवून भागत नाही. अधिवेशन नसते त्या दिवसांत त्याला तेथील आसनांवर बसू दिले पाहिजे, तेथील नियमांनी बोलू दिले पाहिजे. आणि ही मुभा ज्याला अजून मताचा अधिकार नाही त्या मुलाला जशी, तशीच ज्याने आयुष्यभर मत दिले पण त्या मताचे पुढे काय होते हे कधी डोळ्यांनी पाहिले नाही त्या वृद्धालाही मिळाली पाहिजे.

जबलपूर हे या विचाराला अनुकूल असे गाव आहे. नागपूरच्या जुन्या मध्य प्रदेश विधानसभेचे १९५२ पासून अध्यक्ष असलेले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भोपाळच्या नव्या विधानसभेचे पहिले अध्यक्ष झालेले पंडित कुंजीलाल दुबे हे जबलपूरचे. १९६७ पर्यंत ते त्या आसनावर होते, आणि आमच्या जबलपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. अध्यक्षपद आणि कुलगुरुपद ही दोन्ही ज्याने भूषविली, त्याच्या नावाने भोपाळला राष्ट्रीय संसदीय विद्यापीठ चालावे आणि त्या विद्यापीठाने राज्यभरच्या शाळा-महाविद्यालयांत युवा संसदेच्या स्पर्धा घडवून आणाव्यात, यात एक औचित्य आहे. सभागृह आणि शाळा या दोन वास्तू त्या एका माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या.

विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली, की पहिल्या आठवड्यात तिला पुस्तक उघडू न देता गावात फिरवून आणण्याचा माझा परिपाठ होता. प्रथम गोलबाजारातील शहीद स्मारक. तेथील भिंतींवरची चित्रे ज्या ब्यौहार राममनोहर सिन्हा यांनी रंगविली, त्यांनीच नंदलाल बसू यांच्या हाताखाली काम करताना भारताच्या संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान सजविले, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी नागरी लिपीतली त्यांची लहानशी सही आहे, हे मी मुलांना तेथे उभे करून सांगत असे. त्या वेळी तो चित्रकार जेमतेम विशीचा होता, हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो फरक पडे तो वर्गात उद्देशिका कितीदा वाचून घेतली तरी पडत नसे. तेथून नगर निगमाच्या आवारात सुभद्राकुमारी चौहान यांच्या पुतळ्यापाशी. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहातील ही सत्याग्रही कवयित्री पुढे प्रांतिक विधानसभेची सदस्य झाली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटारीच्या अपघातात तिचे निधन झाले. तिसरे उदाहरण मी पायऱ्यांवर बसून सांगे. संविधान सभेत बसलेले आणि अखेरपर्यंत जबलपूरचे खासदार राहिलेले सेठ गोविंददास १९७४ साली वयाच्या ७७ व्या वर्षी निवर्तले, आणि त्यांच्या रिक्त जागी पोटनिवडणुकीत जबलपूरकरांनी ज्याला निवडले तो शरद यादव नावाचा, येथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेला, तुरुंगात असलेला विद्यार्थी-नेता अवघ्या २७ वर्षांचा होता. एकाच मतदारसंघाने लागोपाठ पाठविलेल्या दोन प्रतिनिधींच्या वयांत पन्नास वर्षांचे अंतर! तरुण आणि वृद्ध यांना एकाच सभागृहात बसविण्याची कल्पना मला पुढे सुचली, तिचे मूळ बहुधा त्या पायऱ्यांवर वारंवार सांगितलेल्या या हकिकतीत असावे.

युवा संसदेची योजना तशी जुनी आहे. १९६२ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने तिची शिफारस केली, १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाल्या, आणि क्रमाक्रमाने ती केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये व विद्यापीठे यांच्यापर्यंत आली. स्पर्धेत साधारण तासाभराची बैठक असते: शपथविधी, श्रद्धांजली, प्रश्नकाल, पटलावर कागदपत्रे ठेवणे, एखादे विधेयक आणि त्यावरील चर्चा. परीक्षक शिस्तीला, कार्यपद्धतीला, विषयाच्या निवडीला, वक्तृत्वाला गुण देतात. योजना चांगलीच आहे, आणि तिच्यामुळे लहान गावांतली किती मुले प्रथमच मंचावर उभी राहिली हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु स्पर्धा म्हटली की संहिता आली, संहिता आली की पाठांतर आले. मंत्र्याचे उत्तर आणि विरोधी सदस्याचा संताप ही दोन्ही एकाच शिक्षकाने एकाच रात्री लिहिलेली असतात, आणि मुलांना वाटू लागते की संसद म्हणजे ठरलेल्या क्षणी ठरलेल्या आवाजात करावयाचा गलबला.

म्हणून मी तालमींत एक रिवाज पाडला. संहिता पाठ असो. पण दर बैठकीत एक पूरक प्रश्न असा येईल जो मंत्र्याला आधी ठाऊक नाही. त्या एका प्रश्नाने सारा प्रयोग सजीव होई. पाटण तहसिलीतल्या एका खेड्यातून आलेली, वर्गात क्वचितच तोंड उघडणारी एक मुलगी एका वर्षी अध्यक्ष झाली होती. अनपेक्षित प्रश्न आला तेव्हा गोंधळलेला मंत्री आपल्या मित्राकडे वळून, त्याला उद्देशून, जरा चिडून बोलू लागला. तिने हातोडा आपटला नाही, आवाज चढविला नाही. “माननीय मंत्रीजी, आसंदी की ओर देखकर बोलिए,” एवढेच ती म्हणाली. आणि मी पाहिले की तोंड फिरवताक्षणीच त्या मुलाच्या वाक्याची जात बदलली. मित्राशी चाललेले भांडण अध्यक्षांपुढचे निवेदन झाले. “तू” गेला, “माननीय सदस्य” आला. आणि उत्तर ठाऊक नसल्याचे त्याने सरळ सांगून माहिती गोळा करून पटलावर ठेवण्याचे आश्वासन दिले.

सदस्याने सदस्याशी न बोलता आसंदीशी, म्हणजे अध्यक्षांच्या आसनाशी, बोलावे, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. शिष्टाचाराच्या यादीत तो येतो आणि विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात. पण माझ्या मते विधिमंडळाच्या साऱ्या शिक्षणाचे सार त्यात साठले आहे. कारण ज्याच्याशी माझा विरोध आहे त्याच्याविषयी, त्याच्या उपस्थितीत, तिसऱ्या एका निष्पक्ष आसनाला समजावून सांगण्याची ही सवय ज्याला लागली, त्याला आपला राग पुराव्यात उतरवावाच लागतो. ही सवय भाषणांनी लागत नाही. ती त्या आसनापुढे उभे राहिल्यानेच लागते.

ज्येष्ठ मंडळींचे प्रकरण निराळे होते. आमच्या बैठकीत निवृत्त रेल्वे कर्मचारी, तोफखान्यातले जुने कारागीर, शाळामास्तर, आणि उच्च न्यायालयातल्या कारकुनांच्या विधवा असे मिश्र मंडळ जमते. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, त्या वेळी न्यायालयाच्या दफ्तराबरोबर जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांतल्या एका कुटुंबातील एक आजी आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे वडील न्यायालयात शिरस्तेदार होते. नागपूरच्या कौन्सिल हॉलसमोरून शाळेला जाताना, आत कोण बसते असे विचारल्यावर वडील नेहमी “सरकार” एवढेच उत्तर देत, हे त्या सांगतात. मध्य प्रांताचे विधिमंडळ १९१४ पासून नागपुरास भरत होते. जबलपूरच्या माणसाला आपल्या प्रतिनिधीला भेटावयाचे तर सातपुडा ओलांडून जावे लागे. त्या सभागृहात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा ऐकू येत. परंतु इमारतीच्या दारावरून रोज जाणाऱ्या मुलीला आतले काही दिसले नाही, आणि नंतर आयुष्यभर प्रत्येक निवडणुकीत न चुकता मतदान करूनही दिसले नाही.

आमच्या ज्येष्ठांजवळ अनुभव विपुल होता, तक्रारीही विपुल होत्या. नव्हती ती तक्रार मांडण्याची रीत. त्यांची पिढी साहेबापुढे अर्ज लिहीत वाढली. “कृपावंत होऊन”, “सेवेशी सादर”, “आपला आज्ञाधारक” ही वळणे त्यांच्या बोटांत बसलेली. आणि अर्जाचा निकाल लागला नाही म्हणजे मग घरात बसून सरकारला दूषणे देणे. तरुणांचे उलट. त्यांना घोषणा येते, फलक येतो, भ्रमणध्वनीवर चित्रफीत टाकता येते. एकाचा स्वर याचनेचा, दुसऱ्याचा आरोपाचा. आणि नागरिकाने राज्यसंस्थेशी ज्या समपातळीवरून बोलावयाचे ती पातळी दोघांनाही अपरिचित. हे माझ्या ध्यानात आल्यावर दोन्ही मंडळे एकत्र बसविण्याचे मी ठरविले.

एका सभागृहातल्या खुर्च्या आम्ही अर्धवर्तुळात मांडल्या, मध्ये एक मेज, समोर एक उंच आसन. कोण सत्तापक्षात आणि कोण विरोधात हे चिठ्ठ्या टाकून ठरे, त्यामुळे आजोबा-आजी आणि एकोणीस-वीस वर्षांची मुले दोन्ही बाजूंना मिसळून बसत. अट एकच घातली: विषय काल्पनिक नको, जबलपूरचाच, आणि बोलणाऱ्याने स्वतः भोगलेला हवा. पहिल्याच बैठकीत एक निवृत्त रेल्वे गार्ड दोन पाने भरून तक्रार घेऊन आले. त्यांच्या घराजवळच्या रस्त्यावर दिवे नाहीत, पदपथ उखडला आहे, म्हातारी माणसे पडतात. मजकूर खरा होता, भाषा कळकळीची होती. परंतु तो प्रश्न नव्हता. मुलांनी त्यांना विचारले, “काका, हा रस्ता कोणाचा?” आणि तेथे आमच्या साऱ्या अभ्यासाला तोंड फुटले.

कारण जबलपुरात हा प्रश्न सोपा नाही. या गावात नगर निगमाची हद्द आहे, तिला लागून छावणीची हद्द आहे, जिचा कारभार केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखालील छावणी परिषदेकडे जातो. रेल्वेची स्वतःची वसाहत आहे आणि २००३ पासून पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालयच येथे आहे. १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना आहे, खमरियाचा दारूगोळ्याचा, पुढे निघालेला वाहनांचा, आणि त्या प्रत्येकाची वसाहत, फाटक व रस्ते निराळे. एकाच संध्याकाळच्या फेरफटक्यात माणूस तीन-चार अंमलांतून जातो. तेव्हा दिवा नाही याचे उत्तर भोपाळच्या मंत्र्याने द्यावयाचे, दिल्लीच्या, की येथल्या महापौराने? मुलांनी नकाशे आणले, ज्येष्ठांनी आठवणी आणल्या: ही भिंत कधी उभी राहिली, हे फाटक पूर्वी कोठे होते, हा नाला कोणी बांधला. दोन्ही एकत्र ठेवल्यावाचून हद्द निश्चित होईना. बऱ्याच बैठकांनंतर त्या दोन पानांचा एक तारांकित प्रश्न झाला, तीन ओळींचा. त्यात एक विशेषण नव्हते. रस्त्याचे नाव, त्याची हद्द, दुरुस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम किती व खर्च किती, आणि उर्वरित काम कोणत्या मुदतीत होणार, इतकेच. गार्डकाकांनी तो उभे राहून, आसनाकडे पाहून वाचला, आणि खाली बसण्यापूर्वी म्हणाले, “एवढेच तर मला विचारायचे होते.”

पुढे हा प्रश्न योग्य त्या प्रतिनिधीकडे रीतसर पाठविण्यात आला. नागरिकाला विधानसभेत स्वतः बोलता येत नसले, तरी सदस्याच्या हस्ते याचिका सादर करता येते, तिची छाननी करणारी समिती असते, ही गोष्ट आमच्या मंडळातील कोणालाच पूर्वी ठाऊक नव्हती. आणि ती ठाऊक झाल्यावर आज्ञाधारक अर्जदाराचे ते जुने वळण अनेकांच्या लेखनातून आपोआप गळाले.

त्यानंतर भोपाळला जाण्याचा बेत ठरला. अधिवेशन चालू असताना, आमदारांच्या शिफारशीने दीर्घेचे परवाने मिळवून, आम्ही मंडळी पहाटेच्या जनशताब्दीने निघालो. नरसिंहपूर, पिपरिया, इटारसी अशी नर्मदेच्या काठाकाठाने जाणारी ती वाट ज्येष्ठांना पाठ होती. नर्मदेवरचा पूल आला तेव्हा साऱ्यांनी हात जोडले, आणि ते पाहून मुलांनीही. अरेरा टेकडीवरचे विधान भवन चार्ल्स कोरिआ यांनी रचले, आणि १९९६ साली विधानसभा नवाबी अमदानीतल्या मिंटो हॉलमधून तेथे आली. १९९८ साली या वास्तूला आगाखान पुरस्कार लाभला. बाहेरून वर्तुळाकार, आत अंगणामागून अंगणे, सभागृहावर सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट. ज्या परिसरात गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी भिंती रंगविल्या, तो परिसर पाहताना मंडल्याकडची आमची एक विद्यार्थिनी थबकली; जनगढ पाटनगढचे, म्हणजे तिच्याच मुलुखातले. कोरिआ यांनी सामान्य जनतेसाठी निराळे प्रवेशद्वार आणि निराळा मार्ग योजला आहे. रचनाकाराने लोकांचे येणे गृहीत धरले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दीर्घेत बसल्यावर प्रत्येकाचे लक्ष निराळ्या ठिकाणी गेले. मुलांनी प्रथम उपस्थिती मोजली. २३० सदस्यांच्या सभागृहाची गणपूर्ती एकदशांश म्हणजे २३, हा हिशेब त्यांनी पुटपुटत केला. शिरस्तेदारांच्या कन्येचे, आमच्या आजींचे, लक्ष मात्र सभागृहाच्या मध्यभागी मेजावर लिहीत बसलेल्या प्रतिवेदकांकडे होते. काही मिनिटे झाली की एक उठतो, दुसरा येऊन बसतो, आणि लेखणी थांबत नाही. बोलला गेलेला शब्द न शब्द कोणीतरी लिहून घेत आहे, आणि तो कायमचा दफ्तरी राहणार आहे, हे त्यांना सर्वांत मोठे वाटले. प्रश्नकाल चालू होता. दूरच्या एका जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रासंबंधी प्रश्न आला, उत्तर आले, दोन पूरक प्रश्न आले, आणि काही मिनिटांत तो विषय संपला. त्या काही मिनिटांमागे किती दिवसांची तयारी असते, हे स्वतः तीन ओळींचा प्रश्न घडविलेल्या आमच्या मंडळींना समजले. एरवी दीर्घेत बसणाऱ्या पाहुण्याला ते समजण्याचा मार्ग नाही.

आणि तेथेच दीर्घेची मर्यादा स्पष्ट झाली. दीर्घेत बोलावयाचे नाही, लिहावयाचे नाही, टाळी वाजवावयाची नाही. अधिवेशन चालू असताना हे सर्व नियम अगदी योग्य आहेत, आणि ते शिथिल व्हावेत असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु अधिवेशन संपल्यावर काय? सत्राचे दिवस वर्षाकाठी मोजकेच असतात. उरलेल्या काळात ते घुमटाखालचे सभागृह, त्यातील आसने, ध्वनिक्षेपक, ते मेज, सारे झाकून ठेवलेले असते. जबलपूरच्या नगर निगमाचे सदनही सभेचे दिवस सोडले तर बंद असते. जनतेच्या पैशाने उभारलेल्या या शाळा वर्षाचा बहुतेक काळ विद्यार्थ्यांवाचून राहतात.

दुसरीकडे काय झाले आहे ते पाहावे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आलेल्या सदस्यांवाचून कोणीही त्या हिरव्या बाकांवर बसू नये, ही परंपरा होती. ३० ऑक्टोबर २००९ रोजी अकरा ते अठरा वयाच्या युवा संसद-सदस्यांना सभागृहाच्या संमतीने तेथे बसवून चर्चा घेण्यात आली, आणि पुढे तो प्रघात पडला. आपल्याकडे राजस्थान विधानसभेने १४ नोव्हेंबर २०२१ रोजी जयपूरच्या प्रत्यक्ष सभागृहात मुलांचे सत्र भरविले. मुलांनीच प्रश्नकाल व शून्यकाल चालविला. २०२२ च्या जुलैत गुजरात विधानसभेने गांधीनगरास शाळकरी मुलांना एक दिवस सभागृह चालवू दिले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय युवा संसद महोत्सवाची अंतिम फेरी दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती कक्षात झाली. आणि नागपूर! ज्या नागपूरच्या विधान भवनात एके काळी जबलपूरचे प्रतिनिधी बसत, तेथे आता महाराष्ट्राच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरविते, आणि मंत्री, पीठासीन अधिकारी, अधिकारी व पत्रकार त्यांना विधान परिषदेच्या सभागृहात बसवून शिकवितात. आमची एक विद्यार्थिनी एम.ए.साठी नागपूरला गेली असता त्या वर्गास जाऊन आली. तिने मला जे पत्र लिहिले त्यात व्याख्यानांचा वृत्तांत थोडा होता. आपण ज्या आसनावर बसलो त्या आसनासमोरच्या मेजाचे, ध्वनिक्षेपकाचे, आणि तेथून सभापतींचे आसन किती जवळ दिसते याचे वर्णन भरपूर होते.

हे सारे उपक्रम तरुणांसाठी आहेत, आणि तरुणांसाठी ते हवेतच. १९८९ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताचे वय २१ वरून १८ वर आले, त्यामुळे शाळेच्या बाकावरून मतदान केंद्रापर्यंतचे अंतर फार थोडे उरले आहे. पण ज्येष्ठांना वगळण्याचे कारण मला सापडत नाही. निवृत्तिवेतन, आरोग्य, रस्ते, निवारा, कौटुंबिक पोटगी, अशा कितीतरी विषयांत कायद्याचा हात सर्वांत निकट लागतो तो त्यांना. त्यांच्याजवळ वेळ आहे, स्मृती आहे, आणि आमच्या बैठकीतला अनुभव सांगतो की शिकण्याची उत्सुकता मुलांहून कमी नाही. शिवाय मुले जेव्हा एकटीच सभागृह चालवितात, तेव्हा ती नकळत मोठ्यांची नक्कल करतात. समोरच्या बाकावर खरोखरीचे आजोबा आपल्या खऱ्या तक्रारीसह उभे राहिले म्हणजे नक्कल करण्यास जागा उरत नाही.

हा प्रस्ताव मी ज्या ज्या जबाबदार माणसांपुढे मांडला, त्यांच्याकडून दोन आक्षेप आले. पहिला सुरक्षेचा. तो गंभीर आहे, पण दीर्घेतल्या पाहुण्यांची तपासणी जी यंत्रणा करते तीच येथेही करील; संख्या आधी ठरलेली, नावे आधी कळविलेली. दुसरा सभागृहाच्या प्रतिष्ठेचा: निवडून न आलेल्याने त्या आसनावर बसणे म्हणजे आसनाचा अधिक्षेप. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या मनातील आदर मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी त्याचे उत्तर सविस्तर देत आलो. आसनाचा मान मतदाराने दिलेल्या अधिकारामुळे आहे. त्या मतदाराने अधिवेशनाबाहेर, नियम पाळून, काही तास तेथे बसून तो अधिकार किती जड आहे याचा अनुभव घेतला, तर आसनाचा मान त्याच्या मनात वाढतो. आमच्या मांडलेल्या खुर्च्यांवर बसूनसुद्धा तो वाढला. आजवर ज्यांनी आमदारांना सरसकट नावे ठेवली होती, असे एक गृहस्थ मंत्री म्हणून तीन पूरक प्रश्नांना तोंड देऊन खाली बसले, आणि पुढच्या बैठकीस विधानसभेच्या कार्यसंचालनाच्या नियमांची प्रत वाचावयास मागून घेऊन गेले.

सध्या आमच्या मंडळाचा एक अर्ज तयार होत आहे. मसुदा मुलांनी केला, दुरुस्त्या ज्येष्ठांनी सुचविल्या, आणि प्रत्येक कलमावर रीतसर मतदान झाले. मागणी एवढीच आहे की आरंभ आपल्या गावातील सदनापासून व्हावा: नगर निगमाचे सदन वर्षातून दोन दिवस, सभा नसेल त्या दिवशी, अर्धे विद्यार्थी व अर्धे ज्येष्ठ अशा नागरिकांना मिळावे, आसनांवर बसण्याची मुभा असावी, अध्यक्षपदी निवडून आलेला विद्यार्थी असावा, प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी द्यावेत, आणि उत्तरे संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यांनी तयार करून द्यावीत, म्हणजे काल्पनिक काही राहणार नाही. हा प्रयोग नीट पार पडल्यास दुसरा अर्ज भोपाळला जाईल. मसुद्याच्या मूळ प्रतीत पाच कलमे होती. सहावे आजींनी घातले, आणि ते एकमताने मंजूर झाले: त्या दिवशी बोलला गेलेला शब्द न शब्द लिहून घेण्यासाठी प्रतिवेदक नेमावा, आणि त्याची छापील प्रत जबलपुरातील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.